नळ मोजून झाले, आता परिणाम मोजा

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ठरवलेल्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी सहावं पाणी आणि स्वच्छतेचं आहे. आपण कुठवर आलो, याचा ऐच्छिक राष्ट्रीय आढावा भारताने 2017, 2020 आणि 2025 मध्ये जगापुढे मांडला. अशा आढाव्यांचा भर मोजदादीवर असतो. किती घरांत नळ आले ते त्यातून कळतं. नळामुळे आजारपण हटलं का, आणि कुणाच्या घरातलं, ते कळत नाही. त्यासाठी मूल्यमापन लागतं, म्हणजे योजना पोचलेल्या आणि न पोचलेल्या, पण एरवी सारख्याच वस्त्यांची तुलना. तसा पुरावा आपल्या शेजारीच आहे. जागतिक बँकेच्या मदतीने बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीच्या काही वॉर्डांत 2008 च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं. बाकीची वस्ती काही दिवसांआड सुटणाऱ्या पाण्यावरच राहिली. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी अशा दोन्ही प्रकारच्या वॉर्डांतली मिळून जवळपास 4,000 घरं तपासली. पाणी बंद असताना पाइपातला दाब जातो आणि गळतीच्या जागेतून बाहेरची घाण आत शिरते. दिवसांआडच्या नळांच्या सुमारे 32 टक्के नमुन्यांत विष्ठेतले जंतू सापडले, चोवीस तासांच्या नळांत एक टक्क्याहूनही कमी. तरीही 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब एकंदरीत कमी झालेले दिसले नाहीत. गरीब घरांतल्या मुलांची रक्ती हगवण मात्र कमी होती, टायफॉईडही कमी आढळला.

योजना यशस्वी किंवा फसली, असा एका शब्दातला शेरा यावर मारता येत नाही, आणि म्हणूनच हा पुरावा मोलाचा आहे. नळातून स्वच्छ आलेलं पाणी घागरीत साठवताना पुन्हा दूषित होतं, हेही याच संशोधनात दिसलं. म्हणजे पुढचा पैसा फक्त पाइपलाइनवर घालून भागणार नाही, हे धोरणकर्त्याला कळतं. नळांची संख्या हे कधीच सांगणार नाही.

एका शहरावरून देशाचा निष्कर्ष कसा काढायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण राष्ट्रीय टक्केवारीच्या शेजारी असे चार-सहा अभ्यास त्यांच्या मर्यादांसह ठेवले, तर टक्केवारीचा अर्थ लागतो. मूल्यमापनाला वर्षं लागतात, हेही खरं. मात्र आढावेही तीन-पाच वर्षांच्या अंतरानेच झाले आहेत. जगासमोर उणी बाजू कशाला, असं म्हणणाऱ्यांनी 2030 पर्यंत गाठायच्या या उद्दिष्टांच्या मूळ जाहीरनाम्यातलं 74 वं कलम वाचावं. देशांनी स्वतः केलेल्या मूल्यमापनाचा आधार त्यात स्पष्ट अपेक्षिला आहे. यंत्रणाही आहे : दिल्लीत नीती आयोगाचं मूल्यमापन कार्यालय, बंगळुरात कर्नाटक मूल्यमापन प्राधिकरण. त्यांचे अहवाल बेळगाव-निपाणीच्या माणसाला मराठीतही वाचायला मिळाले, तर नगरसेवकाला प्रश्न विचारताना त्याच्या हातात काहीतरी असेल. ज्या वॉर्डांत चोवीस तास पाणी अजून पोचायचं आहे, तिथे आजाराची आणि पाण्याच्या नमुन्यांची नोंद आत्ताच घ्यायला हवी. पाणी सुरू झाल्यावर आधीची स्थिती मोजता येणार नाही.