गुरुजींना नवं काही नकोच असतं?

लांजी हा बालाघाट जिल्ह्याचा सीमेवरचा तालुका. एका अंगाला गोंदिया, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. घरात मराठी नाहीतर पोवारी, शाळेत हिंदी, आणि हुकूम भोपाळहून. असल्या आडबाजूच्या शिक्षकांना तंत्रज्ञानाची धास्ती वाटते, असं शहरातल्या माणसांनी ठरवूनच टाकलेलं असतं.

आता घडलेलं बघा. २०२० साली शाळांना कुलपं लागली तेव्हा मध्य प्रदेशात व्हॉट्सॲपवरून धडे पाठवणारी 'डिजिलेप' योजना सुरू झाली. पालकांचे व्हॉट्सॲप गट गुरुजींनीच जमवले, भोपाळहून आलेले धडे पुढे पाठवले आणि ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांच्यासाठी मोहल्ल्यात वर्ग भरवले. जुलै २०२५ पासून शिक्षकांच्या त्याच फोनवर 'हमारे शिक्षक' ॲपवरून ई-हजेरी सक्तीची झाली, आणि राज्यभर शिक्षक संघटना विरोधात उभ्या राहिल्या. रेंजची बोंब, खासगी फोनची सक्ती, ठिकाणाची नोंद ही त्यांची कारणं. दांडीबहाद्दर कोणी नसतातच असं नाही; पण 'डिजिलेप'मध्ये मूल केंद्रस्थानी होतं, या ॲपमध्ये गुरुजींवर पहारा. हा फरक त्यांना कळतो, म्हणून ते तंत्रज्ञानाचे वैरी ठरत नाहीत.

वय झालेले गुरुजी नवं शिकत नाहीत, हा मुद्दाही असाच उगाच ताणला जातो. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार माणूस नवं साधन स्वीकारतो ते वय बघून नव्हे, दोन गोष्टी तोलून: याचा उपयोग काय आणि ते वापरायला किती सोपं. शिक्षकाचा हिशेब तर याहून रोकडा असतो. तास चाळीस मिनिटांचा. त्यात वीज गेली, व्हिडिओ गोल गोल फिरत राहिला, किंवा त्यातली पुस्तकी हिंदी पहिलीच्या पोरांच्या डोक्यावरून गेली, की व्हिडिओ थांबवून गुरुजी घरच्या बोलीत समजावणार. मग पुढच्या वेळी ते थेट खडूच उचलतात. याला आळस म्हणणं मला पटत नाही.

"एकदा प्रशिक्षण दिलं की झालं" ही समजूत तर सरकारी कार्यालयांत फार लाडकी. तिथल्या साहेबांनी याच राज्यातला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम आठवावा. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली १६ शाळांत तो सुरू केला. प्रयोगाचं साहित्य साधं होतं. शिक्षक मासिक बैठकांत जमून वर्गात काय फसलं, काय जमलं ते मांडत, आणि त्यातून पुस्तकंही बदलत. तीस वर्षं हे चाललं. २००२ मध्ये थांबलं ते सरकारी निर्णयानं, शिक्षक कंटाळले म्हणून नव्हे.