टॅबची कळ आणि नको असलेल्या निर्देशिका



संगणकाला काम सांगण्याच्या दोन रीती आहेत. पडद्यावरील चित्रावर बाण नेऊन कळ दाबणे ही एक, व आज्ञा अक्षरांत लिहून देणे ही दुसरी. दुसरी रीत वयाने वडील असली तरी लिनक्ससारख्या प्रणालींवर ती आजही नित्याची आहे. लिहिलेली आज्ञा वाचून ती संगणकाकडून पार पाडून घेणारा जो कार्यक्रम असतो, त्याला ‘शेल’ म्हणतात. अशा शेलांपैकी ‘बॅश’ हा विशेष प्रसिद्ध असून तो ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिला व १९८९ साली तो प्रथम बाहेर आला.

आज्ञा लिहिताना फाइलींची आणि निर्देशिकांची, म्हणजे ज्यांना आपण फोल्डर म्हणतो त्यांची, लांबलचक नावे पुनःपुन्हा लिहावी लागतात. एक अक्षर चुकले तरी आज्ञा फुकट जाते. या कष्टावर काढलेला तोडगा म्हणजे नामपूर्ती. नावाची पहिली एकदोन अक्षरे लिहावी, टॅबची कळ दाबावी, आणि उरलेले नाव शेलने पुरे करावे. ही कल्पना ‘टेनेक्स’ नावाच्या जुन्या संगणकप्रणालीत होती. तेथून ती कार्नेगी मेलन विद्यापीठातील केन ग्रीअर यांनी युनिक्सच्या सी-शेलमध्ये आणली. त्या शेलला ‘टीसीशेल’ म्हणतात. त्यातील ‘टी’ हे अक्षर टेनेक्सची आठवण म्हणून राहिले आहे.

नामपूर्ती कशी चालते, हे एका उदाहरणाने पाहू. शाळेच्या वार्षिकाचे साहित्य संगणकात ठेवले आहे, आणि त्यात लेख, लेख-प्रत, कविता, कविता-प्रत व शुद्धप्रत अशा पाच निर्देशिका आहेत, असे समजा. निर्देशिकेत शिरण्याची आज्ञा ‘सीडी’ ही होय. ती लिहून पुढे ‘ले’ एवढेच लिहिले व टॅब दाबली, तर शेल ‘लेख’ येथपर्यंत मजल मारतो आणि थबकतो. कारण उघड आहे. ‘लेख’ आणि ‘लेख-प्रत’ ही दोन्ही नावे तेथपर्यंत सारखीच आहेत. त्यांतील कोणते हवे, हे त्याने कसे ओळखावे? पुन्हा टॅब दाबली म्हणजे तो दोन्ही नावे पुढे मांडतो व निवड आपल्यावर सोपवतो. जादा प्रतींकडे आपण महिन्यातून एकदाच फिरकत असलो, तरी हा खोळंबा दिवसातून पन्नास वेळा सोसावा लागतो.

कार्यक्रम लिहिणाऱ्यांना ही अडचण फार जाणवे. त्यांच्या लेखनाच्या आवृत्त्या सांभाळणारे ‘सबव्हर्जन’ नावाचे साधन पूर्वी प्रत्येक निर्देशिकेत स्वतःची एक ‘.एसव्हीएन’ निर्देशिका ठेवीत असे. २०११ साली निघालेल्या १.७ या आवृत्तीपासून ती केवळ मुळाशी एकच राहू लागली. परंतु इतर साधनांनी मागे ठेवलेली अशी घरे आजही पुष्कळ सापडतात.

यावर बॅशमधील उपाय सोपा आहे. ‘एफइग्नोर’ नावाचे एक चल आहे. शेलमध्ये हे नाव रोमन मोठ्या अक्षरांत लिहितात. ज्या नावांचे शेपूट आपल्याला नको, ती शेपटे या चलात अपूर्णविरामाने विलग करून लिहावयाची. आपल्या उदाहरणात ‘-प्रत’ एवढे लिहिले की पुरे. आता ‘ले’ लिहून टॅब दाबताच ‘लेख’ हे नाव पूर्ण होते व पुढे तिरकी रेघही येते. हीच ओळ बॅशच्या आरंभीच्या फाइलीत लिहून ठेवली म्हणजे ती रोज नव्याने लिहावी लागत नाही.

मात्र येथे एक खाचखळगा आहे. शेल नावाचा अर्थ पाहत नाही, केवळ शेपूट पाहतो. आपण आळसाने संयोगचिन्ह गाळून नुसते ‘प्रत’ असे लिहिले, तर ‘लेख-प्रत’ जाईलच, पण ‘शुद्धप्रत’ हीही जाईल. म्हणजे छापखान्यात धाडावयाची तीच निर्देशिका! आणि बॅशचा मूळचा कडकपणा असा की, जुळणारे दुसरे एकही नाव नसले तरी वगळलेले नाव तो पुढे करीत नाही. ‘शु’ लिहून टॅब दाबणाऱ्यास ती निर्देशिका हरवली असेच वाटेल. हा कडकपणा हवा तर ‘शॉप्ट’ या आज्ञेने सैल करता येतो. ‘झेडशेल’ नावाच्या दुसऱ्या शेलमध्ये अशाच यादीचा नियम मवाळ आहे: वगळलेल्या नावांखेरीज काहीच जुळत नसेल, तर तो तीच नावे पुढे करतो.

शेपटावरून भागत नसेल, तर बॅशमध्ये ‘कम्प्लीट’ ही आज्ञा आहे. तिला सीडीसाठी केवळ निर्देशिकाच सुचव असे सांगता येते, आणि कोणती नावे गाळावयाची त्याचा नमुनाही देता येतो. हा नमुना संपूर्ण नावाशी ताडला जात असल्याने अधिक नेमका ठरतो. ज्यांना आरंभी टिंब असलेली नावे तेवढी नको असतील, त्यांच्यासाठी आणखी एक सोय आहे. ती केली की टिंब स्वतः लिहिल्यावाचून तसली नावे पुढे येत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वगळलेली निर्देशिका नाहीशी होत नाही. घरातील जादा भांडी माळ्यावर ठेवतात, तशी ती जागच्या जागी असते. पूर्ण नाव लिहिले की तिच्यात खुशाल शिरता येते. परंतु तिला संरक्षणही मिळत नाही. ‘लेख’ या अक्षरांपुढे तारकाचिन्ह घालून, आतील सर्वांसह पुसून टाकण्याची आज्ञा कोणी दिली, तर ‘लेख’बरोबर ‘लेख-प्रत’ही पुसली जाईल. तारकाचिन्हाचा विस्तार करताना शेल एफइग्नोरकडे पाहतच नाही. टॅबने जी कधी दाखवली नाही, ती सुरक्षित ठेवलेली प्रत मूळ साहित्याबरोबर अशी निघून जाऊ शकते. आणि या आज्ञेने पुसलेले कचरापेटीतून परत काढण्याची सोय तेथे नसते.

म्हणून तीन नियम ध्यानी धरावे. शेपूट लिहिताना ते आखूड न ठेवता नेमके ठेवावे. यादी लिहिल्यावर आपल्या हव्या असलेल्या नावांवर टॅब दाबून एकदा पडताळा पाहावा. आणि काही पुसण्यापूर्वी ‘एलएस’ या आज्ञेने, तेच तारकाचिन्ह घालून, कोणकोणती नावे तडाख्यात येणार आहेत ती वाचावी. टॅबची कळ आपले लिहिण्याचे श्रम वाचवते. वाचण्याचे श्रम मात्र आपणच घेतले पाहिजेत.