फलंदाजाची सरासरी: तिचा अर्थ व तिची मर्यादा

क्रिकेटचा मोसम आला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं ‘सरासरी’ हा शब्द सारखा असतो. तोच शब्द गणिताच्या तासाला फळ्यावर आला कीं, त्याच विद्यार्थ्यांच्या कपाळास आंठ्या कां पडाव्या, हें आम्हांस कोडेंच आहे. म्हणून या अंकीं त्याविषयीं थोडें लिहिण्याचें योजिलें आहे.

वर्गांतील सरासरी सोपी असते. पांच मुलांच्या गुणांची बेरीज करून तीस पांचांनीं भागिलें कीं काम झालें. फलंदाजाच्या धावांस मात्र डावांच्या संख्येनें भागीत नाहींत. तो जितक्या वेळां बाद झाला, त्या संख्येनें भागतात. नाबाद डावांतील धावा बेरजेंत घ्यावयाच्या, पण तो डाव भाजकांत धरावयाचा नाहीं. सोबती बाद झाले किंवा वेळ संपली म्हणून ज्याचा डाव थांबला, त्यास त्याबद्दल दंड कां व्हावा, असा त्यामागील विचार आहे. इंग्लंडांत आवडीनें खेळल्या जाणाऱ्या डार्ट्स या खेळांत चक्रावर लहान बाण फेकतात. तेथें गुणांस फेकलेल्या बाणांच्या संख्येनें भागून तिहींनीं गुणतात. ५०१ गुण १५ बाणांत पुरे करणाराची सरासरी १००.२ येते. तेथें प्रत्येक बाण मोजला जातो, म्हणून हिशेब सरळ. क्रिकेटमध्यें भाजक लहान राहूं शकतो, आणि सारा घोटाळा तेथेंच होतो.

भाऊसाहेब निंबाळकरांचेंच उदाहरण घ्या. डिसेंबर १९४८ मध्यें पुणें येथें रणजी करंडकाच्या सामन्यांत महाराष्ट्रातर्फे काठेवाडविरुद्ध खेळतांना त्यांनीं नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा त्या वेळचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर राहिला असतां, विश्रांतीच्या वेळीं प्रतिपक्षाच्या कर्णधारानें सामनाच सोडून दिला! प्रथम श्रेणीच्या सामन्यांत निंबाळकरांचे एकूण डाव ११८, त्यांपैकीं नाबाद १७, व धावा ४,८४१. म्हणजे १०१ नें भागावयाचें, सरासरी ४७.९३ येते. आतां तो एक डाव वगळून पाहा. धावा ४,३९८ उरतात, भाजक मात्र १०१ च राहतो, आणि सरासरी ४३.५४ वर उतरते. एका डावानें एवढा फरक! तरीहि त्यांस अधिकृत कसोटी सामना एकहि खेळावयास मिळाला नाहीं.

दुसरें उदाहरण मुंबईच्या विजय मर्चंट यांचें. प्रथम श्रेणींत त्यांची सरासरी ७१.६४ होती. कसोटींत १९३३ ते १९५१ या काळांत त्यांस दहाच सामने मिळाले, तेहि सर्व इंग्लंडविरुद्ध. त्यांतील १८ डावांत ते एकदांहि नाबाद राहिले नाहींत. ८५९ धावांस पुऱ्या १८ नीं भागावें लागून ४७.७२ आले. हा आंकडा निंबाळकरांच्या आंकड्याशीं जवळजवळ जुळतो. पण एक कसोटीचा, दुसरा प्रथम श्रेणीचा. गोलंदाज कोण होते हें सरासरी सांगत नाहीं. दोघांस तेवढ्यावरून समान मानणें आम्हांस गैर वाटतें.

हें सर्व ठाऊक असूनहि आमच्याच हातून चूक घडली. कांहीं वर्षांपूर्वीं जळकोट येथें शाळेचा संघ निवडतांना आम्हीं सरासरीवरून यादी लावली. अगदीं शेवटीं खेळणाऱ्या एका मुलानें सहा डावांत चाळीस धावा केल्या होत्या. पण पांच वेळां तो नाबाद होता, म्हणून त्याची सरासरी चाळीस. पहिल्यानें जाऊन नवा चेंडू खेळणारा दुसरा मुलगा साही वेळां बाद झालेला. त्याच्या धावा दीडशें, सरासरी पंचवीस. आम्हीं त्यास वगळलें. दुसऱ्या दिवशीं तो वही घेऊन आला व म्हणाला, “सर, माझ्या धावा जास्त आहेत, मग माझें नांव खालीं कसें?” आम्हीं त्यास भागाकार समजावून सांगितला. भागाकार बिनचूक होता. तो “बरं, सर” म्हणून वही मिटून गेला.

तेव्हांपासून आमच्या फलकावर सरासरीशेजारीं डाव, नाबाद, एकूण धावा व खेळण्याचा क्रम असे आणखी चार रकाने असतात. तो मुलगा दहावींत होता. पुढील वर्षीं संघ निवडला गेला, तेव्हां तो शाळेंत नव्हता.