हापशाची जागा

बीड, धाराशिव आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या हद्दी ज्याला येऊन भिडतात, त्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पर्जन्यछायेच्या जामखेड तालुक्यात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य, वेल्लोर व जॉन्स हॉपकिन्स येथील अध्ययन संपवून, सर्वांगीण ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प घेऊन आले, तेव्हा दवाखाना आणि रोगी यांमधले अंतर मैलांत मोजण्याचाच सर्वत्र शिरस्ता होता. त्या अंतराचा मोठा हिस्सा मात्र गावाच्या आतच पसरलेला होता: गावकुसाबाहेरच्या वस्तीपासून पाणवठ्यापर्यंत आणि सुनेच्या चुलीपासून घराच्या उंबरठ्यापर्यंत. जुलाब बरे करून घरी धाडलेले मूल त्याच गढूळ पाण्याकडे परतत असे आणि यथावकाश पुन्हा दवाखान्याच्या दारी येत असे.

१९७२ च्या दुष्काळात कूपनलिका घेण्याची वेळ आली, तेव्हा आरोळ्यांनी हापसे दलित वस्तीत बसविण्याचे धोरण धरले. स्वच्छ पाणी हवे असलेल्या सवर्णास तेथे पाऊल टाकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. समतेवरील शंभर व्याख्यानांपेक्षा जागेच्या निवडीतील हे चातुर्य मला अधिक मोलाचे वाटते.

शहरात शिकलेल्या परिचारिका खेड्यात रुळेनात, म्हणून गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित अशा स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. आठवड्यातून एकदा जामखेडास येऊन, निरनिराळ्या जातींच्या असूनही एकत्र जेवून, एका छपराखाली निजून त्या शिकत. आणि जिला काल ओसरीवरही थारा नव्हता, तिला आज बाळंतिणीच्या खोलीत आदराने बोलावणे येऊ लागले. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला अर्भकमृत्यूचा दर १९७६ पर्यंत ५२ वर उतरला. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजची 'आशा' स्वयंसेविका याच विचाराची धाकटी बहीण होय.

ही सारी रचना मात्र मनुष्य आपल्या गावी राहतो, या गृहीतावर उभी आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे बैलगाड्या-ट्रॅक्टरांतून दूरच्या कारखान्यांच्या फडांवर जातात, तेव्हा गरोदर बाईचे नाव गावच्या रजिस्टरात राहते आणि ती स्वतः परक्या तालुक्यातील कोपीत असते. तिच्यासाठी हापसा कोठे बसवावा, याचे उत्तर अद्याप कोणत्याही कचेरीने समाधानकारकपणे दिलेले नाही.