विश्लेषण : रणजी ट्रॉफीवाल्या जामसाहेबांचा आयर्लंडमधला वाडा, एका इस्टेटीचे मालक कसे बदलत गेले?

मुंबईच्या संघाने सर्वाधिक ४२ वेळा जिंकलेली रणजी ट्रॉफी ज्यांच्या नावाने खेळली जाते, त्या नवानगरच्या जामसाहेब रणजितसिंहजींचं एक घर आयर्लंडमध्ये होतं. त्याचं नाव बॅलिनाहिंच कॅसल. गॉलवे काउंटीच्या कॉनेमारा भागात, नदीकाठी उभी असलेली ही वास्तू आज हॉटेल आहे. पण तिच्या मालकांची यादी वाचली, तरी आयर्लंडमध्ये जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हे लक्षात येतं.

सुरुवातीचे मालक कोण?

या मुलखावर आधी ओ'फ्लाहर्टी या आयरिश घराण्याची सत्ता होती. त्यांची जुनी गढी जवळच्या तळ्यातल्या बेटावर होती. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या मोहिमेनंतर आयरिश सरदारांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर जप्त झाल्या आणि हा मुलूख गॉलवे शहरातल्या मार्टिन कुटुंबाकडे आला. त्यांची इस्टेट वाढत वाढत सुमारे दोन लाख एकरांवर गेली. सध्याची वास्तू त्यांच्याच काळातली, अठराव्या शतकातली. नावात 'कॅसल' असलं, तरी तट-बुरुजांचा किल्ला नव्हे, तर जमीनदाराचा वाडा.

प्राण्यांसाठी कायदा करणारा जमीनदार

या घराण्यातले रिचर्ड मार्टिन ब्रिटिश संसदेत खासदार होते. गुराढोरांना, घोड्यांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा देणारा १८२२ चा कायदा त्यांच्या प्रयत्नांतून झाला. १८२४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्थेच्या संस्थापकांमध्येही ते होते. मात्र ते कर्जात बुडालेले होते. खासदारकीमुळे त्यांना अटकेपासून संरक्षण होतं. १८२७ मध्ये खासदारकी गेली आणि सावकारांच्या भीतीने ते फ्रान्सला निघून गेले. तिथेच १८३४ मध्ये त्यांचं निधन झालं.

दुष्काळात काय झालं?

१८४५ पासून बटाट्याचं पीक रोगाने नासू लागलं आणि आयर्लंडमध्ये महादुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसं भूक आणि तापाच्या साथीने दगावली. कुळं उपाशी, त्यामुळे खंड थकला. इस्टेट तर आधीच गहाण होती. रिचर्ड यांचे पुत्र थॉमस १८४७ मध्ये याच साथीत गेले. कर्जासकट वारसा मिळालेल्या त्यांच्या मुलीला, मेरीला, घर सोडावं लागलं. १८५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचा मृत्यू झाला.

इस्टेट लंडनच्या एका विमा कंपनीने ताब्यात घेतली. पुढे १८७२ मध्ये ती लंडनचे मद्यनिर्माते रिचर्ड बेरिज यांनी विकत घेतली. त्यांच्या कुटुंबाने वाडा वाढवला. नंतरच्या जमीन सुधारणांमुळे जमिनी कसणाऱ्यांकडे जाऊ लागल्या आणि वाड्याभोवतीची जहागीर आटत गेली.

रणजी इथे कसे पोहोचले?

१८९६ मध्ये इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत नाबाद १५४ धावा करणारे रणजी १९०७ मध्ये नवानगरच्या गादीवर बसले. त्यांना मासेमारीचा मोठा षौक होता आणि बॅलिनाहिंचची नदी सॅमन माशांसाठी प्रसिद्ध. १९२४ मध्ये त्यांनी हा वाडा विकत घेतला. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी आयर्लंड स्वतंत्र राज्य झालं होतं आणि इंग्रज जमीनदारांचा जोर ओसरत होता. अशा वेळी भारतातला एक संस्थानिक तिथे उन्हाळ्यात येऊन राहू लागला. त्यांनी बागा फुलवल्या, गळ टाकून उभं राहायला नदीकाठी धक्के बांधले. या हौसेमागे काठियावाडातल्या संस्थानाची दौलत होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

१९३३ मध्ये जामनगरला रणजींचं निधन झालं. वाडा पुतण्याकडे आला आणि पुढे डब्लिनच्या एका कुटुंबाला विकला गेला. १९४६ मध्ये आयर्लंडच्या पर्यटन मंडळाने तो घेऊन तिथे हॉटेल सुरू केलं. त्यानंतरही मालक बदलले, पण हॉटेल कायम राहिलं.

सरदार, जमीनदार, विमा कंपनी, मद्यनिर्माता, भारतीय राजा, सरकारी मंडळ आणि शेवटी हॉटेलवाले. या सगळ्या काळात तिथली जमीन कसणाऱ्या कुळांची नावं मालकांच्या यादीत कधीच आली नाहीत. वाडा विकला गेला तो कर्जापायी किंवा हौसेपायी. दुष्काळात गाव सोडावं लागलं ते मात्र त्यांनाच.