बातमी पाखडून घ्यावी

धान्य घरात आले की आपण ते तसेच दळायला नेत नाही. आधी सुपात घेतो, पाखडतो, खडे वेचतो. बातमीचेही तसेच आहे.

बातमी म्हणजे काय? जे घडले ते. कोठे, केव्हा, कोणी केले, एवढे सांगितले की बातमी झाली. मत म्हणजे काय? त्याविषयी सांगणाऱ्याला काय वाटते ते. वर्तमानपत्रात मताला वेगळी जागा असते. त्याला अग्रलेख म्हणतात. पण पुष्कळदा बातमीतच मत मिसळलेले असते. टीव्हीवर तर दोन्ही एका दमात सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळी बातमीच आहे!

कांद्याचे उदाहरण घेऊ.

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने हुकूम काढला. ३१ मार्च २०२४ पर्यंत कांदा परदेशी पाठवायला बंदी केली. ही झाली बातमी. यावर कोणी म्हणेल, "शेतकऱ्याच्या पोटावर पाय दिला." दुसरा म्हणेल, "गरिबाला कांदा स्वस्त मिळेल." ही झाली मते. कांदा पिकवणाऱ्याला पहिले पटेल, विकत घेणाऱ्याला दुसरे. मत असणे वाईट नाही. पण मत कोणाचेही असो, हुकमाची तारीख बदलत नाही.

पुढे काय झालं ते पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी पसरली की, बंदी उठली. तसा हुकूम मात्र निघालेला नव्हता. लासलगावच्या बाजारात १७ फेब्रुवारीला कांद्याचा सर्वसाधारण भाव क्विंटलला १२८० रुपये होता. १९ तारखेला तो १८०० झाला. २० तारखेला केंद्र सरकारच्या सचिवांनी खुलासा केला की, बंदी उठलेली नाही, ती चालूच आहे. मार्चमध्ये सरकारने बंदीची मुदत आणखी वाढवली. बंदी खरोखर उठली ती ४ मे २०२४ रोजी.

अशा वेळी कोण फसतो? चढ्या भावाने माल भरणारा फसतो. 'उद्या आणखी चढेल' म्हणून माल घरी ठेवणाराही फसतो. लाल कांदा काही उन्हाळी कांद्यासारखा टिकत नाही. तो सडतो, आणि वर्षाची मेहनत उकिरड्यावर जाते.

मग आपण काय करावे?

बातमीत तारीख आहे का, ते पाहावे.

सांगणारा कोण, ते पाहावे. 'असे समजते' एवढेच लिहिले असेल, तर सांगणाऱ्याचे नाव नाही हे ओळखावे.

'झाले' लिहिले आहे की 'होणार' लिहिले आहे, ते नीट वाचावे. 'होणार' म्हणजे झाले नव्हे.

आपल्याला न पटणाऱ्या मताचे पत्रही अधूनमधून वाचावे. एकाने गाळलेली गोष्ट दुसऱ्यात सापडते.

आणि पैशाचा व्यवहार करण्याआधी बाजार समितीत जाऊन विचारावे, "हुकूम निघाला का? कोणत्या तारखेचा?"

एक गोष्ट मात्र आम्ही मुद्दाम सांगतो. जी बातमी ऐकून फार आनंद होतो किंवा फार राग येतो, ती दोनदा पाखडावी. मनासारखी बातमी माणूस तपासत नाही. लासलगावला तेच झालं.

पूर्वी दुसऱ्याने वाचून दाखवले तेच खरे मानावे लागे. आता आपल्याला अक्षर कळते. तेव्हा तारीख आपण स्वतः वाचावी, आणि मगच कांद्याची गाडी भरावी.