गावाचं आरोग्य (भाग ११) : ‘मूळव्याधच असेल’ म्हणण्याआधी

शौचाला रक्त पडलं की हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगाव-सेनगाव भागात घरच्यांचं निदान आधीच ठरलेलं असतं : मूळव्याध. उष्णता वाढली, तिखट जास्त झालं, हळद शिजवताना दिवसभर चुलाण्यापुढे बसावं लागलं, म्हणून झालं. मग ताक, सुरण, कुणीतरी दिलेली पुडी, आणि शेवटी ‘विना ऑपरेशन’ असं भिंतीवर रंगवलेला एखादा दवाखाना. बहुतेक वेळा हे निदान बरोबर निघतं, म्हणून तर ते एवढं पक्कं बसलंय. पण मलाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वीतभर भागाचा कर्करोग अगदी असंच रक्त दाखवतो. त्यात वर्ष-दीड वर्ष निघून गेलं की सोप्या शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते.

आपल्याकडे हा आजार म्हातारपणाची वाटही पाहत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१३-१४ मधल्या ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ४७ च्या आसपास होतं आणि सर्वाधिक जणांची गाठ मलाशयातच होती. सत्तेचाळीस म्हणजे मुलीचं लग्न आणि मुलाचं शिक्षण अंगावर असलेला माणूस.

या कर्करोगाची एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. तो एका रात्रीत उगवत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी चामखिळीसारखा एक कोंब येतो, त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचा कर्करोग होतो, पण त्याला साधारण दहा वर्षं लागतात. या दहा वर्षांत तो सापडला तर दुर्बिणीतून तारेचा फास टाकून, विजेच्या प्रवाहाने तिथल्या तिथे काढता येतो. पोट उघडावं लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी १९६९ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा वापरली. म्हणजे इथे तपासणी रोग नुसता लवकर पकडत नाही, तो होऊच देत नाही. मागच्या आठवड्यात आपण पाहिलेला गर्भाशयमुखाचा कर्करोगही याच जातीचा.

त्या संदर्भात मराठवाड्याने जगाला काय दिलं हे पुन्हा सांगावंसं वाटतं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाची माणसं गावोगाव फिरली. २००९ मध्ये निष्कर्ष आले : एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तपासणी ही शहरातल्या, शिकलेल्या माणसांची गोष्ट आहे, असं म्हणणाऱ्यांना हे कायमचं उत्तर आहे. आतड्याच्या कर्करोगाबाबत तसाच पुरावा अमेरिकेतल्या मिनेसोटात मिळाला होता. तिथे दरवर्षी शौचातलं न दिसणारं रक्त तपासलेल्या गटात या रोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले. तो निकाल १९९३ चा.

मग पुसेगावात पंचेचाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायची का? अमेरिकेत २०२१ पासून ४५ हे वय धरतात. माझं मत, इथे आज तसं करू नये. भारतात हा रोग तिकडच्या मानाने बराच कमी आहे. तिशीपुढच्यांसाठीच्या सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. दुर्बीण आणि ती चालवणारे हात मोजके आहेत. ते आधी ज्यांना रक्त पडतंय त्यांच्या वाट्याला यायला हवेत.

म्हणून पहिली मागणी अगदी साधी ठेवावी. मूळव्याधीचं औषध लिहिण्याआधी डॉक्टरांनी हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासलं पाहिजे. मिनिटभराचं काम. मलाशयाच्या खालच्या भागातल्या पुष्कळ गाठी बोटाला लागतात. आपले लोक लाजतात, डॉक्टरही घाईत असतात, आणि दोघं मिळून ती तपासणी टाळतात. तुम्ही स्वतःहून म्हणा, ‘डॉक्टर, आतून तपासून बघा.’ बोटाला काही लागलं नाही आणि रक्त थांबलं नाही, तर दुर्बिणीची चिठ्ठी मागा.

उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ तर रक्त दाखवतही नाही. ते आतल्या आत झिरपतं. माणूस फिका पडतो, शेतातून परतताना धाप लागते. गावात याला अशक्तपणा म्हणतात आणि एक सलाईन लावून घेतात. पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन लोहाअभावी उतरलं, तर रक्त कुठून जातंय हे शोधल्याशिवाय नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नये.

लक्षण नसतानाही तपासणी करावी असे लोक आहेतच. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिशीत किंवा त्या नातेवाइकाला झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी. ज्यांना परवडतं त्यांनी पंचेचाळिशीनंतर दरवर्षी ‘फिट’ ही शौचाची तपासणी करायला हरकत नाही. छोट्या काडीने नमुना घेऊन बाटलीत घालायचा, पथ्य नाही. एवढंच की एप्रिल-मेच्या उन्हात ती बाटली मोटारसायकलच्या डिकीत ठेवून हिंडू नये, उष्णतेने नमुन्यातलं रक्त विघटित होतं आणि तपासणी फसते. रक्त आढळलं म्हणजे कर्करोग झाला असं नव्हे. पण मग कोलोनोस्कोपी चुकवू नये.

कोलोनोस्कोपीची भीती असते ती नळीची, खरा त्रास आदल्या दिवशीचा. दोन-तीन दिवस बिया आणि चोथा बंद : तीळ, पेरू, टोमॅटो, पालेभाजी नको. आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे पावडर कालवलेलं पाणी लिटर-दीड लिटर प्यायचं. शौच स्वच्छ पिवळसर पाण्यासारखं होईपर्यंत जावं लागतं, त्यामुळे संडासजवळच्या घरी मुक्काम करावा. तपासणी अर्ध्या तासाची, गुंगीच्या इंजेक्शनखाली. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका हजारात एखाद्यालाही क्वचितच. रक्त पातळ होण्याच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं.

हळदीबद्दल नेहमी विचारलं जातं, आणि हिंगोली जिल्ह्यात ते साहजिक आहे. हळदीतल्या कर्क्युमिनवर संशोधन चालू आहे, पण पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. भाजीत हळद घालावी. तिच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नये. तंबाखू आणि दारू सोडण्याचा उपयोग त्याहून कितीतरी जास्त.

जिल्ह्याला २०२४ मध्ये स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. त्यापुढे नांदेडचं आहे, आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. उपचारांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत विचारावं, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यावं.

घरात कुणाची ही शस्त्रक्रिया झाली असेल, तर गाठीचा बायोप्सी अहवाल जपून ठेवा. माणूस बरा झाला किंवा गेला की ती फाइल अडगळीत जाते. पण रुग्णाचं वय आणि गाठीचा प्रकार त्याच कागदावर असतो, आणि भावंडांची व मुलांची तपासणी कोणत्या वर्षी करायची हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. प्रत्येक भावंडाने मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा.

(पुढच्या आठवड्यात : तोंडातले पांढरे चट्टे)